हळद लागलेला थेंब

मी एक जुना थेंब आहे. आपली कहाणी सांगताना समोरच्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो! पण गैरसमज नको. तुम्ही माझे मित्र वगैरे नाही. माझी भावंडं तुमच्या घरच्या टीव्हीत, घड्याळात, भाजीवालीच्या वजनकाट्यात काचेआड कोंडलेली आहेत आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर तेलकट बोटं फिरवता. वर बिघाड झाला की थपडा मारता. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची आशा धरू नका. शाळेची सहल कॉलेजात आलीच आहे आणि बाईंनी रांग लावलीच आहे, तर ऐका. भिंगातून एकेकानं बघायचं. ढकलाढकली केलीत तर मी दिसणार नाही. माझी मर्जी.

थेंब म्हणजे पाण्याचा नव्हे. पाण्याचा थेंब पत्र्यावरून ओघळतो आणि संपतो. त्याची कसली आलीय कहाणी! मी द्रव स्फटिक. वाहतो पाण्यासारखा, पण आतून शिस्तीत उभा असतो स्फटिकासारखा. माझे रेणू उदबत्तीच्या काड्यांसारखे लांबुळके आहेत. इथल्या बेलापूरच्या शिवारात वाऱ्यानं लोळलेला ऊस पाहिलाय ना, सगळा एकाच अंगाला कललेला? तसे ते सगळे एका दिशेला तोंड करून असतात. विजेचा हलकासा धक्का दिला की सगळे मिळून वळतात. ते वळले की उजेडाला वाट मिळते नाहीतर बंद होते. एवढ्या जोरावर तुमच्या मालिका चालतात.

आमचं घराणं मूळचं गाजरातलं. दात काढू नका, खरं सांगतोय. साता समुद्रापार एका माणसानं गाजरातून काढलेला पदार्थ तापवला, तर तो दोनदा वितळला. आधी गढूळ झाला, मग नितळ. तो आमचा मूळपुरुष. माझा एक चुलता राजूरच्या आठवडी बाजारात एका घड्याळात नोकरीला होता. तो जन्मभर चुकीची वेळ दाखवत राहिला, तरी अख्खा बाजार त्यालाच विचारून एसटीला पळायचा. शेवटी एसटीवाले कंटाळले आणि त्याच्या वेळेनं गाड्या सोडू लागले. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं काही जात नाही.

मी इथं आलो तो कुरिअरच्या खोक्यातून, एका लहानशा बाटलीत. ती बाटली ज्या पोरीनं उघडली ती स्नेहल वाकचौरे. अकोले तालुक्याच्या डोंगरातली. अंगानं काटकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा. पीएच.डी. करत होती. तिचे मार्गदर्शक डॉक्टर वैजनाथ हापसे. या प्रयोगशाळेचे धनी म्हणा ना. आवाज एवढा मोठा की ते कॅबिनमध्ये शिंकले तर इथं तराजूचा काटा हलायचा.

स्नेहलला एकच गोष्ट हवी होती. मी कमी विजेवर वळावं. कमी वीज म्हणजे बॅटरी जास्त टिकणार. त्यासाठी तिनं माझ्यात नॅनोकण सोडायचं ठरवलं.

हे नॅनोकण म्हणजे माझे जन्माचे वैरी. इतके बारीक की हजार एका ओळीत मांडले तरी तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी भरायची नाही. पण तोरा बघाल तर पाटलाचा! प्रत्येकाच्या एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला उणे. माझ्या काड्यांमध्ये घुसले की शेजारच्यांना दरडावतात, 'ए, आमच्याकडं तोंड कर.' माझे रेणू बिचारे गरीब, ऐकतात. वीज आली की हे कण आधी हालतात आणि माझ्या रेणूंना ओढून नेतात. म्हणून मी लवकर वळतो. थोडे असले तर असं चालतं. जास्त झाले की त्यांची आपसात गर्दी होते, गठ्ठे होतात आणि मग ना ते कामाचे, ना मी.

गठ्ठे होऊ नयेत म्हणून स्नेहलनं ते कण स्पिरिटमध्ये टाकले. एका यंत्राच्या टबात, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं त्यांना थरथर हलवलं. मग ते माझ्यात ओतले. आता फक्त स्पिरिट उडून जायचं राहिलं होतं. तिनं बाटली कोमट तव्यावर ठेवली, तोंडाला चांदीचा कागद लावला, कागदाला बारीक भोकं पाडली आणि नवरात्राचे घट उठायच्या आत घरी पोचायचं म्हणून गावाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला कोयता, नांगर, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी प्रयोगशाळेतल्या यंत्रांचीही झाली. शिपाई छगनमामांनी सकाळी सगळं लख्ख पुसलं. झेंडूच्या माळा घातल्या. यंत्रांच्या पाठीला हळदी-कुंकवाची बोटं लावली. तेवढ्यात हापसे सर झब्बा घालून आले.

"छगन, फोटो काढ. ग्रुपवर टाकायचाय."

"कशाजवळ उबं ऱ्हाता सायेब?"

"ही बाटली. या बाटलीवर माझं नाव होणार आहे, समजलं? हिची पूजा मी करतो."

"म्याडमनी कागद लावलाय वरनं."

"कागदाचा फोटो काढतोस का? काढ तो."

छगनमामांनी कागद काढला. सरांनी तबकातून चिमूट उचलली आणि मोबाईलकडं बघून हसत हसत बाटलीवर हळद-कुंकू वाहिलं. बाटलीला तोंड असतं हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. हळदीचा एक मोठा फवारा माझ्यावर आला. स्पिरिट अजून उडालं नव्हतं. त्यात हळद अशी मिसळली, जशी लग्नघरात मिसळते. कुंकवाचे दोन-चार कण बुडाशी बसले. फोटो झाला आणि छगनमामांनी कागद परत लावला. मी ओरडलो. पण थेंबाचं कोण ऐकतं?

स्नेहल परतली, बाटली उजेडाला धरून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, हे मिश्रण पिवळसर वाटतंय."

"नॅनोकणांचा गुण. शंका काढत बसू नकोस. भर."

तिनं मखमलीच्या तुकड्यानं दोन काचा एकाच दिशेनं घासल्या. अशा घासलेल्या काचेवर माझे रेणू आपोआप त्याच दिशेला निजतात. त्या दोन काचांच्या फटीत मी शिरलो तो आजपर्यंत तिथंच आहे. ही माझी खोली. दार नाही, खिडकी नाही.

मग वीज दिली. अर्ध्याहून कमी विजेत माझ्यातला उजेड बदलला आणि यंत्रावरचा आकडा उडी मारून वर गेला.

सरांनी टेबलावर थाप मारली. "बघितलंस? जगात कुणाला जमलं नाही ते बेलापूरच्या शिवारात जमलं!"

खरं काय झालं होतं ते सांगतो. मी वळलोच नव्हतो. हळदी-कुंकवातल्या क्षारांनी माझ्यातून वीज वाहू लागली होती आणि मी कढईतल्या उकळीसारखा आतल्या आत घुसळला जात होतो. यंत्राला काय कळतं? उजेड बदलला, त्यानं आकडा दाखवला. शिस्तीत वळला की तडफडला, हे त्याला कोण विचारणार!

पुढं माझा मान काय वाढला! कॉलेजच्या फाटकावर माझ्या नावाचा फलक लागला. तालुक्यातले पुढारी येऊन मला भिंगातून बघून गेले. एकानं तर भिंगाला नमस्कार केला. एकाला मी दिसलोच नाही, कारण त्यानं डोळा मिटला होता, तरी 'वा! वा!' म्हणाला. मी मजा बघत होतो. खोटा मान खऱ्याइतकाच गरम असतो.

फक्त स्नेहल खूश नव्हती. तिनं नवं मिश्रण केलं. तेच कण, तेच प्रमाण. नवा थेंब काचेत भरला. तो वळला, पण नेहमीपेक्षा जरासाच आधी. चमत्कार काही होईना. मग तिनं मला पुन्हा भिंगाखाली घेतलं आणि आकड्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. मी घुसळताना तिला दिसलो. काचेच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसला. तिनं मोबाईल काढला, कॉलेजच्या ग्रुपवरचा खंडेनवमीचा फोटो शोधला आणि त्यातली उघडी बाटली मोठी करून पाहिली.

संध्याकाळी ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, नमुन्यात हळद पडलीय."

"काय?"

"तुम्ही पूजा केलीत तेव्हा बाटली उघडी होती. तो वळत नाही सर, नुसता घुसळतोय. आपण हे छापायला नको."

सर हसले. त्यांचं ते हसू मला आवडलं नाही. मला कुणाचंच हसू आवडत नाही, पण ते विशेष.

"अकोल्याच्या डोंगरातून आलीस म्हणून सांभाळून घेतोय, स्नेहल. शोधनिबंध छापायला गेलाय. त्यावर तुझंही नाव आहे. विद्यापीठाच्या बाई पुण्याहून बघायला येतायत. अशा वेळी तू मला हळद शिकवणार?"

"माझं नाव काढा मग."

"नाव काढतो, आणि तुझ्या प्रबंधावरची माझी सहीपण काढतो. पाच वर्षं पाण्यात. चालेल? घरी जाऊन भात लाव."

तिची नखं तळहातात रुतलेली मला दिसत होती.

सरांनी ॲसिटोनची बाटली आणि कापूस तिच्याकडं सरकवला. "ती काच पूस. आकडे आहेत आपल्याकडं, काचेची गरज नाही. माझ्यासमोर पूस."

मुलांनो, ॲसिटोन म्हणजे आमच्यासाठी काय, ते तुम्हाला कळायचं नाही. एक बोळा फिरला की ते फटीत झिरपतं आणि आमचं नाव-गाव-घराणं सगळं खलास. आणि मी गेलो असतो तर हळद पडल्याची खूणच उरली नसती. स्नेहलचं म्हणणं मग कोण खरं मानणार होतं? मी काचेत आक्रसून बसलो.

स्नेहलनं पाठ वळवली. ट्रेमधल्या काचा खुळखुळल्या. तिनं एक काच उचलली, कापूस भिजवला आणि सरांच्या डोळ्यांदेखत खसाखसा पुसली. सर निघून गेले. ती काच कोरी होती. मी होतो तिच्या चष्म्याच्या डबीत, मऊ फडक्यात गुंडाळलेला. त्या डबीला खोबरेल तेलाचा वास होता. त्यावरून आम्ही दोघं पुढं कित्येक दिवस भांडत होतो, म्हणजे मी भांडत होतो.

पुण्याच्या बाई आल्या त्या एप्रिलात. डॉक्टर धनश्री कर्णिक. बोलायला कमी, नजर मात्र चाकूसारखी. त्या दिवशी ऊन असं होतं की प्रयोगशाळेच्या पत्र्यावर चपात्या भाजता आल्या असत्या. वीज जात-येत होती, एसी बंद. सरांनी पडद्यावर आलेख दाखवले, आकडे दाखवले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"छान. आता तो नमुना मला स्वतः बघायचाय."

"तो दुर्दैवानं फुटला, मॅडम," सर म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

स्नेहलनं पर्समधून चष्म्याची डबी काढली.

"फुटला नाही, मॅडम. हा इथं आहे."

सर तिच्याकडं असे बघत होते, जसा कोंबडीकडं बिबट्या बघतो.

तिनं मला भिंगाखाली ठेवलं. बाईंनी डोळा लावला.

काळं. निव्वळ काळं.

कारण तुम्हाला सांगतो. उष्मा वाढला की माझी शिस्त मोडते. पस्तीस अंशांवर गेलो की माझे रेणू जत्रेतल्यासारखे वाट्टेल तिकडं तोंड करतात आणि मी नुसता द्रव होतो. भिंगातल्या उजेड गाळणाऱ्या दोन चकत्यांमधून मग काहीच पार होत नाही. ज्या दिवशी साक्ष द्यायची, नेमका त्याच दिवशी मी बेशुद्ध!

"बघा मॅडम," सर मऊपणे म्हणाले, "काहीच नाही. पोरगी थकलीय. घरची कटकट असते या मुलींना. तिनं भलतीच काच आणली."

"सर, उकाडा आहे. हा वितळलाय," स्नेहल म्हणाली.

"आता उन्हावर ढकलणार का?"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यात छगनमामांचा माठ होता. माठ गार राहावा म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. तिनं ते फडकं ओढलं, पिळलं आणि माझ्या काचेभोवती, भिंगाच्या चौथऱ्यावर लावलं.

"अहो, यंत्रावर पाणी!" सर पुढं सरसावले.

"हात लावू नका," बाई भिंगातून मान न उचलता म्हणाल्या. "थांबा."

फडकं गार होतं. त्याला मातीचा वास होता. माझे रेणू एकेक करून भानावर आले. आधी काळ्यात चमकते ठिपके, मग ठिपक्यांना ठिपके मिळाले आणि बघता बघता मी पूर्ण रंगात उजळलो. त्या रंगांत, उजव्या कोपऱ्यात, कुंकवाचा तो लाल कण जसाच्या तसा.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

सरांचा आवाज चढला. "छगन! तुझ्याच हातचं हळद-कुंकू! वाटोळं केलंस माझ्या कामाचं. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

छगनमामा दारात उभे होते. ते माठाकडं बघत होते, सरांकडं नाही.

"सायेब, म्या मशिनीच्या पाठीला लावलं. बाटलीला तुमी लावलं. 'हिच्यावर माझं नाव होनार' म्हनलात. फोटू हाय की ग्रुपवर. तुमीच टाकायला लावला हुता."

"तुझ्या तोंडून मला फोटो शिकायचा नाही!"

"शिकू नका. बगा निस्ता."

बाईंनी फोटो पाहिला. मग स्नेहलनं डबीतली दुसरी काच त्याच ओल्या फडक्यात ठेवली. "मॅडम, यात नॅनोकण नाहीत. फक्त चिमूटभर हळद-कुंकू." वीज दिली. तो थेंबही माझ्यासारखाच घुसळला. मग तिसरी काच. "यात नॅनोकण आहेत, हळद नाही." तो शांतपणे वळला. चमत्कार नाही, नेहमीपेक्षा जरासा आधी, इतकंच.

"जरासाच," बाई म्हणाल्या.

"जरासाच," स्नेहल म्हणाली. "पण वळतो."

बाईंनी पेन उघडलं आणि सरांच्या छापील आलेखावर एक आडवी रेघ ओढली.

आता तुम्हाला वाटत असेल की शेवट गोड झाला. गोड बिड काही नाही. निबंध मागे घेतला गेला, फाटकावरचा फलक उतरला. सरांनी स्नेहलच्या प्रबंधावर सही केली नाही ती नाहीच. विद्यापीठानं तिला दुसरे मार्गदर्शक दिले आणि सगळे थेंब पुन्हा पहिल्यापासून भरायला लावले. ती बघा, तिकडं फळ्याजवळ उभी आहे. अजून भरतेय. सर शेजारच्याच कॅबिनमध्ये बसतात. इथून जाताना मान वळवत नाहीत. छगनमामा कामावर आहेत. फक्त माठाचं फडकं आता दोन ठेवतात.

खंडेनवमी अजून होते. पण त्या दिवशी सगळ्या बाटल्या कुलपात आणि हळदी-कुंकू कपाटाच्या दारावर. एवढं झालं की स्नेहल चष्म्याची डबी काढते, माझ्या काचेवर 'हळद' असं लिहिलेली चिठ्ठी नीट आहे ना बघते आणि डबीच्या झाकणाला बाहेरून हळदीचं एक बोट लावते. बाहेरून! मला तिच्याबद्दल माया वगैरे काही नाही. डबीला वास येतो तो येतोच.

तेव्हा, मित्रांनो, मागणं एकच. तुमच्या मनाविरुद्ध निघालेली गोष्ट घाईघाईनं पुसू नका. आधी जरा उजेडाला धरा. उकाड्यानं ती काळी पडली असेल तर ओलं फडकं लावून वाट बघा. माझ्यासारख्या खोट्या थेंबालाही जपून ठेवणारं कुणीतरी लागतं. नाहीतर खरं काय ते कळणार कसं?

चला, सरका आता. मागच्याला बघू द्या.

आणि तू रे, मघापासून माझ्या काचेवर बोट टेकून उभा आहेस तो! सकाळी पोहे खाऊन आलास ना? नखात हळद आहे तुझ्या. काढ ते बोट.